‘जागा गेली’ : रिचमंडचा खटला आणि उशिराचे सात दिवस

भाड्याने घर शोधणाऱ्याला ‘तुम्हाला देणार नाही’ असं तोंडावर सांगणारे फार थोडे. बहुतेक वेळा कानावर येतं ते एवढंच : ‘जागा गेली हो, कालच एकांनी टोकन दिलं.’

काही वर्षांपूर्वी मी पुण्यात वन बीएचके शोधत होते. जाहिरातीतल्या नंबरावर फोन लावला. एजंटने आधी भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं, सोसायटीत पाणी चोवीस तास असतं हेही सांगितलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. ‘एक मिनिट हं’ म्हणून तो गेला, परत आला आणि म्हणाला, ‘मॅडम, ती जागा गेली.’ त्याच संध्याकाळी ऑफिसातल्या मैत्रिणीने माझ्यासमोर त्याच नंबरावर फोन केला. आमचा पगार सारखा, दोघीही एकट्या राहणाऱ्या, आडनाव तेवढं वेगळं. तिला उत्तर मिळालं, ‘उद्या सकाळी दहाला या, चावी माझ्याकडेच आहे.’ फोन ठेवल्यावर दोघींनाही एकमेकींकडे बघवेना.

मी पुढे काही केलं नाही. आठवड्याभरात दुसरीकडे घर मिळालं. तक्रार करायची झालीच असती, तर ‘तुमचं नेमकं नुकसान काय झालं?’ या पहिल्याच प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे अमेरिकेतला एक जुना खटला वाचनात आला. त्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि तिथे त्याचं उत्तरही मिळालं होतं. हेवन्स रिअल्टी कॉर्पोरेशन विरुद्ध कोलमन, निकाल २४ फेब्रुवारी १९८२. घर नाकारलं जाण्याचा अनुभव असलेल्या प्रत्येकाला हे प्रकरण नीट माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून ते तपशिलाने लिहिते आहे.

दोन वसाहती, दोन उत्तरं

रिचमंड ही व्हर्जिनिया राज्याची राजधानी. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांची राजधानीही हीच होती. शहराला लागून हेन्रिको काउंटी आहे. तिथे हेवन्स कंपनीच्या शेजारी शेजारी दोन भाड्याच्या वसाहती होत्या, कॅमलॉट टाउनहाउसेस आणि कलोनियल कोर्ट. कॅमलॉटमध्ये प्रामुख्याने गोरे राहत, कलोनियल कोर्टात काळे आणि गोरे दोन्ही.

ही गोष्ट १९७८ ची. तोवर घर देताना भेदभाव करण्याविरुद्धचा कायदा होऊन दहा वर्षं झाली होती. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, शहरं पेटली, आणि आठवड्याभरात, ११ एप्रिलला, अध्यक्ष जॉन्सन यांनी त्या कायद्यावर सही केली. फेअर हाउसिंग ॲक्ट या नावाने तो ओळखला जातो. वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश पाहून घर नाकारणं त्याने बेकायदा ठरवलं. १९७४ मध्ये त्यात लिंगभेदाची भर पडली. १९८८ मध्ये अपंगत्व आणि घरात लहान मुलं असणं ही कारणंही आली.

कायदा आल्यावर भेदभाव करणाऱ्यांनी शब्द बदलले. ‘काळ्यांना देत नाही’ असं उघड म्हणणं महागात पडू लागलं, तेव्हा ‘सध्या रिकामं नाही’ सुरू झालं. हे वाक्य ऐकणाऱ्याला खरं-खोटं कळायची सोय नसते. घर रिकामं आहे की नाही, हे मालकाला आणि त्याच्या माणसालाच ठाऊक. त्यामुळे ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तो झाल्याचा पत्ताही लागत नाही. तो पुढचं घर बघायला निघून जातो.

रिचमंडमध्ये हाउसिंग अपॉर्च्युनिटीज मेड इक्वल नावाची संस्था होती. आद्याक्षरांवरून तिला होम म्हणत. सुमारे ६०० सभासद, काळे आणि गोरे दोन्ही. घर शोधणाऱ्यांना सल्ला देणं आणि त्यांच्या तक्रारींचा माग काढणं हे तिचं काम. या कामात ती टेस्टर वापरत असे.

टेस्टर म्हणजे घर घ्यायचा कसलाही विचार नसताना गिऱ्हाईक होऊन जाणारा माणूस. दोघांची जोडी लावतात. उत्पन्न, नोकरी, कुटुंबाचा आकार, हवं असलेलं घर, हे सगळं शक्य तितकं सारखं ठेवतात. फरक ठेवायचा फक्त एकाच गोष्टीत, इथे कातडीच्या रंगात. दोघे थोड्या वेळाच्या अंतराने त्याच कार्यालयात जातात आणि तेच प्रश्न विचारतात. बाहेर आल्यावर एकमेकांशी न बोलता आपापला फॉर्म भरतात : किती वाजता गेलो, कोण भेटलं, कोणती घरं दाखवली, भाडं किती सांगितलं, आणि त्या माणसाचे शब्द जसे होते तसे. आपलं मत लिहायचं नसतं. ‘मला वाईट वागवलं’ असं लिहिलेला फॉर्म कोर्टात उभा राहत नाही. ‘२ वाजून १० मिनिटांनी मला सांगितलं की एकही घर रिकामं नाही’ असा लिहिलेला फॉर्म उभा राहतो.

कोलमन ही काळी टेस्टर, विलिस हा गोरा. मार्च १९७८ मध्ये तीन वेगवेगळ्या दिवशी दोघांनी हेवन्सकडे चौकशी केली. कोलमनला सांगण्यात आलं की घर नाही, विलिसला सांगण्यात आलं की आहे. ६ जुलैला कोलमन पुन्हा गेली. कॅमलॉटमध्ये जागा नाही, हे उत्तर तिला पुन्हा मिळालं. त्याच दिवशी होमच्या दुसऱ्या एका गोऱ्या टेस्टरला उलट माहिती मिळाली. आणि १३ जुलैला कोल्स नावाचा काळा माणूस कॅमलॉटमध्ये घर मागायला गेला. त्याला खरोखरच घर हवं होतं. त्यालाही जागा नाही असं सांगितलं गेलं.

या पद्धतीला तिकडे ‘स्टिअरिंग’ म्हणतात, म्हणजे गिऱ्हाइकाला त्याच्या रंगाप्रमाणे ठरावीक वसाहतीकडे वळवणं. इथे कोणी शिवी देत नाही, कोणी दार आपटत नाही. कार्यालयातला माणूस हसून बोलतो, शेजारची वसाहत सुचवतो, आणि एक वसाहत वर्षानुवर्षं गोरीच राहते.

‘तुम्हाला घर नकोच होतं, मग तक्रार कसली?’

९ जानेवारी १९७९ रोजी कोलमन, विलिस, कोल्स आणि होम ही संस्था यांनी फेडरल न्यायालयात दावा लावला. कोल्सचा मुद्दा सरळ होता. त्याला घर हवं होतं, ते मिळालं नाही. बाकीच्यांना मात्र खालच्या न्यायालयाने दारातूनच परत पाठवलं. कारणं दोन दिली. एक, त्यांचं स्वतःचं नुकसान काहीच नाही, तेव्हा दाद मागण्याचा अधिकार नाही. दोन, कायद्याने दिलेली १८० दिवसांची मुदत उलटून गेली आहे. अपील न्यायालयाने हा निर्णय फिरवला, तेव्हा हेवन्स कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली.

कंपनीचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. कोलमनला घर घ्यायचंच नव्हतं. खोटं उत्तर मिळेल अशी तिची अटकळ होती, कदाचित तेच ऐकायला ती गेली होती. मग तिचं काय बिघडलं? पुण्यातल्या त्या संध्याकाळी मी स्वतःलाही जवळपास हेच विचारत होते. मला तर आठवड्याभरात घर मिळालंही.

न्यायमूर्ती ब्रेनन यांनी एकमताच्या या निकालपत्रात उत्तर शोधलं ते कायद्याच्या शब्दांत. कायद्यातलं कलम ८०४ घराबाबतची बेकायदा कृत्यं एकेक करून सांगतं. त्याच्या पहिल्या पोटकलमात घर देण्यास नकार देणं बेकायदा आहे, पण तिथे अट आहे की समोरच्याने खऱ्याखुऱ्या इराद्याने मागणी केलेली असावी. चौथं पोटकलम वेगळं आहे. घर उपलब्ध असताना वंशाच्या कारणावरून कोणत्याही व्यक्तीला ते उपलब्ध नाही असं सांगणं तिथे बेकायदा आहे, आणि खऱ्या इराद्याची अट तिथे नाही. एका पोटकलमात अट घालायची आणि दुसऱ्यात गाळायची, हे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, जाणूनबुजून केलं आहे, असं न्यायालयाने धरलं. म्हणजे घराबद्दल खरी माहिती मिळणं हाच एक स्वतंत्र हक्क झाला. तो ‘कोणत्याही व्यक्तीला’ आहे, घर घ्यायचा इरादा असो वा नसो. खोटं सांगितलं त्या क्षणी तो मोडला. आपल्याशी खोटं बोलतील अशी शंका मनात ठेवून कोणी गेला, म्हणून त्या खोट्याचं खरं होत नाही.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. माझ्या बाबतीत काय झालं होतं, ते इतक्या साध्या शब्दांत मला कोणी सांगितलं नव्हतं. घर गेल्याचं दुःख मला झालंच नव्हतं. माझ्याशी खोटं बोललं गेलं, आणि ते माझ्या आडनावामुळे. नुकसान ते होतं.

याच तर्काने विलिसचा टेस्टर म्हणून दावा मात्र टिकला नाही. त्याला खरी माहिती मिळाली होती, त्याचा माहितीचा हक्क कोणी मोडला नव्हता. मला हे फार पटतं. खोटं ज्याच्याशी बोललं गेलं, हक्क त्याचा. गोऱ्या टेस्टरचं काम साक्षीदाराचं. ते काम छोटं नाही, कारण विलिसला मिळालेलं ‘हो’ नसतं तर कोलमनला मिळालेलं ‘नाही’ खोटं ठरलं नसतं. मिश्र वस्तीत राहण्याच्या लाभाला आपण मुकलो, असाही दोघांचा एक दावा होता. सगळं महानगर हाच आपला शेजार, हे न्यायालयाला फारच मोघम वाटलं, पण मुद्दा नेमका करून मांडण्याची वाट त्याने मोकळी ठेवली.

संस्थेचा दावाही न्यायालयाने मान्य केला. हेवन्सच्या या वागण्याचा माग काढण्यात होमची माणसं आणि पैसा खर्च झाला, घर शोधणाऱ्यांना सल्ला देण्याच्या कामाला त्याचा फटका बसला, आणि संस्थेच्या बाजूने हे नुकसान पुरेसं आहे असं निकालपत्र म्हणतं. पुढे अमेरिकेतल्या कितीतरी संस्थांनी याच वाक्याच्या बळावर दावे लावले. २०२४ मध्ये गर्भपाताच्या औषधासंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा आधार बराच आखडता घेतला आणि हेवन्सचं प्रकरण वेगळ्या धाटणीचं होतं असं सांगितलं. कोलमनला मिळालेल्या उत्तराला मात्र त्या निकालाने हात लावलेला नाही.

१८० दिवसांचा हिशोब

आता या प्रकरणातला तो भाग, जो कुठल्याही सारांशात पटकन सापडत नाही आणि जो मला सर्वांत जास्त बोचतो.

१३ जुलै १९७८ पासून ९ जानेवारी १९७९ पर्यंत दिवस मोजा. बरोबर १८० होतात. कोल्सच्या नकाराला मुदतीचा शेवटचा दिवस गाठून दावा लागला. कोलमनला शेवटचं खोटं उत्तर मिळालं होतं ६ जुलैला, म्हणजे १८७ दिवस आधी.

एकाच चालू राहिलेल्या धोरणाविरुद्ध दावा असेल आणि त्या धोरणातली निदान एक घटना मुदतीत बसत असेल, तर आधीच्या घटनांची दाद मागता येते, असं न्यायालयाने ठरवलं. त्यामुळे कोल्सच्या घटनेच्या आधाराने वळवण्याच्या धोरणाविरुद्धचे दावे वाचले. पण कोलमनचा टेस्टर म्हणून हक्क ‘खरी माहिती मिळण्याचा’ होता, आणि कोल्सशी बोललेल्या खोट्याने कोलमनचा हक्क मोडत नाही. तिच्याशी स्वतंत्रपणे बोललेलं शेवटचं खोटं ६ जुलैचं. तेव्हा तिचा टेस्टर म्हणूनचा दावा मुदतबाह्य.

म्हणजे जिच्या नावाने हे तत्त्व कायमचं ओळखलं जातं, तिलाच त्या तत्त्वाचा लाभ सात दिवसांनी हुकला. निकाल लागण्याआधीच दोन्ही बाजूंत एक समझोता झालेला होता. कोलमन आणि तिच्या सहकाऱ्यांच्या बाजूने निर्णय झाला तर त्यांच्यातल्या प्रत्येकाला ४०० डॉलर, त्यापलीकडे काही नाही. एवढ्या रकमेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढण्यासारखं काही नव्हतं. ही माणसं पैशासाठी गेली नव्हती, हे सांगायला तो आकडा पुरे आहे.

मुदतीचा प्रश्न अमेरिकेने पुढे थोडा सोपा केला. १९८८ च्या दुरुस्तीने थेट न्यायालयात जायला दोन वर्षं मिळू लागली, आणि दंडात्मक भरपाईवरची १,००० डॉलरची मर्यादाही उठली. टेस्टरचं काम करणाऱ्या खासगी संस्थांना केंद्र सरकारकडून निधी देण्याची योजनाही त्याच सुमारास सुरू झाली.

आपल्याकडे काय आहे

हे वाचून इथला माणूस साहजिकच विचारेल, आपल्याकडे असा कायदा कुठे आहे? सर्वांसाठी एक असा नाही. संविधानाचं कलम १५ भेदभावाला मनाई करतं. त्याचा पहिला भाग राज्यसंस्थेला बांधतो. दुसरा भाग दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते अशा सार्वजनिक जागांपुरता आहे. भाडेकरारासाठी आपण ज्याचं नाव घेतो तो १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा याबद्दल काही म्हणत नाही. केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदाही गप्प आहे. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पारशांपुरतंच सभासदत्व ठेवणारा उपविधी वैध मानला. ती संस्था १९२६ मध्ये, मुंबई इलाख्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेली. बदल हवा असेल तर तो कायदेमंडळाने करावा, असा त्या निकालाचा सूर होता. इथल्या सोसायट्यांच्या सभांमध्ये तो निकाल आजही ढालीसारखा पुढे केला जातो. खरं तर तो सभासदत्वाबद्दल आहे, भाडेकरूबद्दल नाही. सभासदाने फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटीला कळवणं पुरतं, पूर्वपरवानगी लागत नाही, असंच महाराष्ट्राचे आदर्श उपविधी सांगतात. ‘कमिटीची एनओसी मिळणार नाही’ हे वाक्य ऐकलं की उपविधीची प्रत मागावी.

तरीही हात पूर्ण रिकामे नाहीत. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठीचा २०१७ चा कायदा आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठीचा २०१९ चा कायदा, या दोन्हींत राहण्याच्या, विकत घेण्याच्या आणि भाड्याने घेण्याच्या हक्काबाबत भेदभावाला स्पष्ट मनाई आहे, आणि ती खासगी माणसालाही लागू आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम तर १९५५ चा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास किंवा राहण्यास आडकाठी करणं हा कलम ४ खाली गुन्हा आहे, शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. कलम १२ त्याहून महत्त्वाचं. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. हे कलम घरमालकाच्या नकाराला कसं लागू होतं, यावर बचावाचा वकील वाद घालणारच. पण मुळात घर रिकामं होतं आणि ‘गेलं’ असं खोटं सांगितलं, हे दाखवता आलं नाही तर वादापर्यंतही गोष्ट पोहोचत नाही. विलिस तिथे लागतो.

मुसलमान कुटुंबाला, एकट्या मुलीला, मांसाहार करणाऱ्याला नकार मिळाला तर यातलं एकही कलम त्यांच्या कामाचं नाही. याचा मला राग येतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. कायदा व्हायला हवा, आणि तो ‘कोणत्याही व्यक्तीला’ हे शब्द घेऊन व्हायला हवा.

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा नोकरीसाठी मुंबईला गेला. त्याचं आडनाव माझंच. दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला, ‘आत्या, तीन जागा गेल्या.’ मी त्याला हेवन्सची गोष्ट सांगितली आणि एक वही करायला लावली. तारीख, वेळ, नंबर, कोण बोललं, आणि त्याचे शब्द जसेच्या तसे. प्रत्येक नकारानंतर अर्ध्या तासात त्याचा रूममेट त्याच नंबरावर फोन करतो, तेवढंच भाडं, तेवढंच डिपॉझिट, तेच प्रश्न. दोघेही आपापली नोंद वेगळी लिहितात. फोनचं रेकॉर्डिंग जपून ठेवलं आहे. ते न्यायालयात चालायला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन त्याने बदललेला नाही.

त्याने पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो माझ्याकडे आहे. डावीकडे त्याच्या अक्षरात : ‘११.४०. आडनाव विचारलं. म्हणाले, ओनरने कालच दुसऱ्यांना दिली.’ उजवीकडे रूममेटच्या अक्षरात : ‘१२.०५. रिकामी आहे. म्हणाले, आज संध्याकाळी या, ओनर पण असतील.’

दोन्ही कागद आम्ही वकिलांकडे दिले. त्यांनी पहिल्यांदा तारखा पाहिल्या. ज्या गुन्ह्याची शिक्षा एका वर्षापेक्षा जास्त नाही, त्याची दखल घ्यायला न्यायालयाला एक वर्षाची मुदत असते. वहीतली पहिली नोंद ९ जूनची आहे.